लंगडीचा चौकोन

भिंगरीला एका जागी बसवायचं म्हणजे पाण्याला गाठ मारायची. नववीच्या वर्गात ती बाकावर असायची ती अर्धीच. उरलेली अर्धी खिडकीत, पुढच्या मुलीच्या वेणीत, नाहीतर फळ्यावरच्या चुकीत. बसल्या बसल्या तिचा उजवा गुडघा शिवणयंत्रासारखा चालायचा आणि अख्खा बाक थरथरायचा. त्यापायी आपल्या मुलीचं अक्षर बिघडलं, असं शेजारणीच्या आईने पालकसभेत उभं राहून सांगितलं होतं. भिंगरी हे नाव दादाने ठेवलेलं. ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक उरलं.

या वर्षी मात्र एक फरक पडला होता. आधी ती चुळबुळायची ती मान खाली घालून. आता चुळबुळायची ती मान वर करून. शाळेच्या कार्यक्रमात निवेदन करणारी मुलगी आयत्या वेळी आजारी पडली आणि भिंगरीला ढकललं गेलं. तिने ते असं काही ठोकून दिलं, की पडदा अडकला तेव्हाही लोक पडद्याकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिले. तेव्हापासून आपल्याला जमणार नाही असं काम जगात अजून निघालेलंच नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

त्यात नववीतल्या प्रत्येकाने तीन आठवडे रोज पहिले दोन तास शाळेचं काहीतरी काम करायचं, असं ठरलं. वर्गशिक्षकांनी तिला ग्रंथालय दिलं नाही, कारण तिथे शांतता लागते. बाग दिली नाही, कारण रोपं लहान होती. तिला मैदानापलीकडच्या बालवर्गात धाडलं. तिथे सगळेच तुझ्यासारखे आहेत, असं ते म्हणाले. भिंगरीने ते कौतुक म्हणून घेतलं.

बालवर्ग होता आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, भिंगरीच्याच घरात वरच्या खोलीत राहणारी, बोलणं मोजकं आणि नजर लांबवर पोचणारी. पहिल्याच सकाळी तिने बजावलं, की शाळेत मी बाई आणि घरी आत्या, यात घोटाळा केलास तर दोन्हीकडून बोलणी खाशील. भिंगरीने पहिल्या तासात चारदा घोटाळा केला.

तिला वाटलं होतं, गाणी म्हणायची, चित्रं रंगवायची. इथे तर वेगळंच चाललं होतं. एक मुलगा जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून टोपलीत टाकत होता. एक जण एका तांब्यातलं पाणी दुसऱ्या तांब्यात ओतत होता, जीभ बाहेर काढून. दोघी जणी दोरीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावत आणि काढत होत्या. कपडे नव्हतेच, नुसते चिमटे. हे सगळं कशासाठी, म्हणून तिने विचारलं. तेव्हा आत्याने सांगितलं, की अक्षर बोटांत येण्याआधी मनगटात यावं लागतं, मनगटाच्या आधी खांद्यात, आणि खांद्याच्याही आधी पायात. ज्याला धड उभं राहता येत नाही तो लिहिणार कसा, सगळं लक्ष न पडण्यातच जायचं. भिंगरीला हे एकदम पटलं. आपलं गणित कच्चं का, याचंही कारण इथेच कुठेतरी असणार, असं तिला वाटून गेलं.

तोल, झेल, उडी, चढण, पकड, घडी. आठवडाभरात तिला त्यांचा नादच लागला. जिना चढताना पोर एका पायरीवर एकच पाय टाकतं की दोन्ही, हे ती आता बसस्टॉपवरच्या अनोळखी पोरांतही बघायला लागली. जेवताना दादा चमचा मुठीत धरतो, म्हणजे तो अजून छोट्या गटातच आहे, हे तिने भर पंगतीत जाहीर केलं. दादाने शांतपणे तिच्या ताटातला पापड उचलला आणि मुठीतच चुरला.

आणि तिथे बटण होती.

बटण सहाला टेकलेली, केस कानाशी कापलेले, डोळे गोल. तिला हे नाव पडायचं कारण म्हणजे बटणं लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या झग्याची लावून झाली की ती रांगेने सगळ्यांची लावत जायची. मधल्या सुट्टीत शिपाईमामा ओणवे झाले, तर त्यांच्याही बाहीचं सुटलेलं बटण ती लावून टाकायची. कात्री धरावी तिनेच, मणी ओवावेत तिनेच. चेंडू तर ती असा झेलायची, जणू तो तिच्याकडेच राहायला आला होता.

पण वर्षाच्या शेवटी कार्यालयातून तपासनीस बाई यायच्या. त्यांच्याकडे प्रत्येक मुलामागे एक तक्ता, तक्त्यात अकरा चौकोन, आणि मोठ्या गटात जायचं तर अकराच्या अकरा भरायला हवेत. बटणचे दहा चौकोन झोपेतही भरले असते. अकरावा होता लंगडीचा. एका पायावर, आधाराशिवाय, सलग पाच उड्या. 'लंगडी घाला' असं आत्याने म्हटलं, की सगळी पोरं वाकडीतिकडी उडायची, आपटायची, पुन्हा उडायची, आणि बटण मात्र होती तिथे फरशीवर बसायची. रडायची नाही की तोंड फुगवायची नाही. शर्यत संपल्यासारखी मांडी घालून बसायची.

गेल्या वर्षीही ती अशीच बसली होती. त्या एका चौकोनापायी तिचं अख्खं वर्ष गेलं होतं. यंदाही चौकोन कोरा राहिला, तर नियमाप्रमाणे तिला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत, मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात जावं लागणार होतं. तिची आई बेकरीत पहाटेच्या पाळीला. इतक्या लांब पोरीला सोडायचं कुणी, आणि आणायचं कुणी? आत्याने हे सांगितलं तेव्हा ती मणी निवडत होती. रंगाप्रमाणे निवडायचे मणी तिने दोनदा एकाच वाटीत टाकले, म्हणजे तिलाही हे लागलेलं होतं. दोन्ही वेळा तपासणीच्या आधी डॉक्टरांना दाखवलं होतं म्हणे. पाय ठणठणीत.

भिंगरीच्या अंगात वारं शिरलं. तपासणीला बारा दिवस होते. बारा दिवसांत मी हिला लंगडी घालायला लावते, असं तिने आत्याला सांगितलं, शिपाईमामांना सांगितलं, घरी जाऊन आईला आणि दादालाही सांगितलं. दादा म्हणाला, आधी तू बारा मिनिटं दोन्ही पायांवर उभी राहून दाखव.

तिने काय काय केलं म्हणून सांगावं. खडूने अंगणात गोल काढले. दोरीची शिडी जमिनीवर पसरली. बटणचा हात धरून उड्या मारल्या, स्वतः पन्नास लंगड्या घालून दाखवल्या, पोटरीत गोळा आला म्हणून तिथेच बसकण मारली. बटणने तिचा पाय चोळून दिला. तिला वाटलं, आता पोरगी विरघळली. म्हटलं, चल, आता तू. बटण फरशीवर बसली.

पाचव्या दिवशी मात्र भिंगरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सुट्टीत बटणच्या बुटात खडा गेला. तिने बूट काढला, तो पाय वर धरला आणि एका पायावर टुणटुण उडत भिंतीपाशी गेली. एक हात बाजूला, हवेत, कशाच्या तरी कडेवरून सरकवल्यासारखा. सात उड्या. भिंगरीने मोजल्या. बूट झटकून, घालून, बटण दोन पायांवर परत आली, जणू काही घडलंच नाही.

म्हणजे येतं. येतं आणि करत नाही. भिंगरीला झोप लागेना. न येणाऱ्याला शिकवता येतं, पण येत असून न करणाऱ्याचं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं तर तिच्या स्वभावात नव्हतं. हा हट्ट आहे, असा तिने निकाल दिला. आणि हट्टावर औषध एकच, चिडवणं. दादाने तिला आयुष्यभर चिडवूनच सगळं शिकवलं होतं, सायकलपासून पोहण्यापर्यंत. तिने तेच हत्यार उचललं.

सहाव्या दिवशी पोरं गोल करून उभी होती. लंगडी म्हटल्यावर बटण बसली. भिंगरीने कमरेवर हात ठेवले आणि कार्यक्रमात निवेदन करताना लागला होता तो आवाज लावला.

"लंगडी नको, लंगडी नको, काय गं तुझं सोंग? लंगडी घालत नाहीस, मग लंगडी आहेस का सांग?"

यमक जुळलं याचा तिला आनंदच झाला. पोरांना तर यमक म्हणजे खाऊ. बावीस पोरं टाळ्या पिटत तेच म्हणायला लागली. बटण उठली. तिने भिंगरीकडे असं पाहिलं, की भिंगरीचा गुडघासुद्धा थांबला. मग ती वर्गाबाहेर गेली, व्हरांड्यात दप्तरं टांगायच्या खुंट्यांखाली जाऊन बसली, आणि सुटेपर्यंत तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

आत्या काही बोलली नाही. तिने ते गाणं ऐकलं होतं. मधल्या दारातून सगळंच ऐकू यायचं. ती फक्त घरीही आत्या न राहता बाईच राहायला लागली. बोलणी खाल्ली की मोकळं होता येतं. ही न दिलेली बोलणी मात्र तिच्या मागे जिन्यावर, न्हाणीघरात, सगळीकडे यायची. तपासणीला चार दिवस उरले. त्याच संध्याकाळी भिंगरीने आत्याकडून फक्त पत्ता विचारून घेतला. बटणचे बाबा चाव्या करतात, बाजाराच्या तोंडाशी, घड्याळवाल्याच्या शेजारी, एवढंच आत्या म्हणाली.

दुकान म्हणजे भिंतीत बसवलेलं कपाट. मागे भिंतभर कोऱ्या चाव्या लटकलेल्या, मध्ये घासायचं यंत्र, पुढे फळी. चावीवाला स्टुलावर बसून कानशीने एका चावीचे दात घासत होता. हसतमुख माणूस, मिशीत लोखंडाची भुकटी. काय हवं, म्हणून त्याने विचारलं. भिंगरी म्हणाली, काही नको, मी बटणच्या शाळेतली ताई. तो इतका खूश झाला, की तिला बसायला द्यायला स्टुलावरून खाली उतरला.

आणि भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा डावा पाय मांडीपासून बारीक होता, जमिनीला जेमतेम टेकणारा. काठी कोपऱ्यात उभी होती, पण एवढ्याशा जागेत काठीचं कुठलं काम. तो फळीच्या कडेवरून हात सरकवत, एका पायावर टुणटुण उडत, दुसऱ्या टोकाला गेला आणि तिच्यासाठी दुसरं स्टूल घेऊन आला.

कडेवरून सरकणारा तो हात भिंगरीने पाहिलेला होता.

पुढच्या पाच मिनिटांत तिने सगळं ओकून टाकलं. चौकोन, खडा, सात उड्या, आणि ते गाणंही. गाण्याच्या ओळी म्हणताना तिचा आवाज इतका बारीक झाला, की चावीवाल्याला फळीवर ओणवं व्हावं लागलं. तो रागावेल, निदान गप्प होईल, असं तिला वाटलं होतं. तो हसला.

"लंगडीत मला कुणी हरवून दाखवावं," तो म्हणाला. "बाकीच्यांना दुसरा पाय उचलून धरावा लागतो. माझा आयताच वर."

भिंगरीला हसावं की नको ते कळेना. मग त्याचं हसू हळूहळू विरलं. तो कानस उलटीसुलटी करत कुठेतरी आठवत राहिला. आमच्याकडे टेबल डुगडुगतं, तो म्हणाला. खुर्ची झुलते. सबब तोकडी असते. घरात लंगडं असं काहीच नाही. मला वाटायचं, हिच्या आईला असं बोलायची सवय आहे.

"हा शब्दच बंद आहे होय आमच्याकडे?" त्याने विचारलं. विचारलं ते भिंगरीला नव्हे, भिंतीवरच्या चाव्यांना. "इतकी वर्षं. आणि मलाच पत्ता नाही."

एखाद्या घराची चावी चुकून आपल्या हातात यावी आणि आपण ती कुलपात फिरवून बसावं, तसं भिंगरीला झालं. तिने पाय काढता घेतला. बटणला शाळेत पाठवा, एवढं सांगायचं तेवढं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी बटण आली, तिच्यासोबत तिची आईही. अंगात बेकरीचा पांढरा डगला, कोपरापर्यंत पिठाचे हात, डोळ्यांत रात्रीचं जागरण. तिने बटणला वर्गात पाठवलं आणि भिंगरीला व्हरांड्यातच गाठलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. बटण तीन वर्षांची असताना गल्लीतली पोरं तिच्या बाबांच्या मागे लंगडी घालत चालायची, तोच शब्द ओरडत. एक दिवस त्या रांगेत शेवटी बटण होती. खेळ समजून, खिदळत, बापाच्याच मागे उडत चाललेली. बाप वळला, त्यानेही हसून दाखवलं. पण मी समोरून येत होते, आई म्हणाली, मी त्याचा वळायच्या आधीचा चेहरा पाहिला होता.

त्या दिवशी तिने पोरीला मारलं होतं. आधी कधी नाही, नंतरही कधी नाही. आणि वचन घेतलं होतं, की हा शब्द बोलायचा नाही, आणि ते करायचंही नाही.

"माझी पोर मागे राहिली तरी चालेल," ती म्हणाली. "पण बापाची नक्कल करून पुढे जायला नको. आणि तू दुकानात जाऊन काय ते बोलून आलीस. काल हे जेवले नाहीत."

निवेदन ठोकून देणाऱ्या त्याच तोंडाने भिंगरीने माफी मागितली, तीही अर्धवट. आई तोवर फाटकापाशी पोचली होती.

उरले दोन दिवस. आत्याला हे सगळं कळलं तेव्हा ती म्हणाली, नाव बदलून बघ. भिंगरीने बदललं. आज आपण बगळे, तिने पोरांना सांगितलं, एक पाय पोटाशी, चला तळ्यात. सगळे बगळे तळ्यात उडायला लागले. बटण काठावर उभी राहून बघत राहिली, आणि मग भिंगरीजवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "ताई, ही लंगडीच आहे." आणि बसली.

तिला फसवणं शक्य नव्हतं. तिचा हट्टही नव्हता. सहा वर्षांची पोर, दिलेला शब्द पाळत होती. त्या शब्दापुढे चौकोन कसला आणि मोठा गट कसला. भिंगरी त्या रात्री अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. आपल्याला जमणार नाही असं काम एकदाचं निघालं होतं. हे काम तिचं नव्हतंच. ज्याने कुलूप लावलं त्यानेच ते काढायचं, आणि बटणची आई तर आपलं तोंडही बघायला तयार नाही.

तपासणीच्या सकाळी तपासनीस बाई आल्या. गोऱ्या, घामेजलेल्या, हातात रुमाल, काखेत तक्त्यांचा गठ्ठा. वाईट नव्हत्या. चुकलेल्या पोराला दुसरी संधी द्यायच्या, पण पेनाचं टोपण मात्र एकदाही लावायच्या नाहीत. पालकांना दाराशी उभं राहायची मुभा होती. बटणची आई आली ती अगदी शेवटी, अर्ध्या तासाची सवलत मागून, डगल्यासकट. तिने भिंगरीकडे पाहिलं नाही.

बटणने चेंडू झेलला. रेषेवरून चालली. कात्री चालवली, मणी ओवले, पाणी ओतलं, आणि ओततानाचा एकच थेंब बोटाने पुसून टाकला. बाई खूश होत गेल्या. दहा चौकोनांत दहा बरोबरच्या खुणा. मग त्यांनी पान जरा वर धरलं आणि म्हणाल्या, आता लंगडी घालून दाखव बघू.

बटण फरशीवर बसली.

बाईंनी पुन्हा सांगितलं, गोड आवाजात. बटणने वर पाहिलं, मान हलवली, मांडी नीट घातली. आत्याने काहीतरी सांगायला पाऊल पुढे टाकलं आणि थांबली. सांगणार काय होती, आणि कुणाच्या घरातलं. बाईंचं पेन चौकोनावर आलं.

गुडघा, बोटं, मान, भिंगरीचा एकही अवयव तिच्या ताब्यात नव्हता. तिला वाटलं, ओरडावं. वाटलं, पेनच हिसकून घ्यावं. वाटलं, आपणच बटणच्या जागी उड्या माराव्यात. यातलं काहीच न करता ती भिंतीकडेने दारापर्यंत गेली आणि बटणच्या आईशेजारी उभी राहिली. जवळून पावाचा वास येत होता. बोलायचं तर आत्ता, आणि एकाच वाक्यात.

"काकू, ती बाबांसाठी नाही बसलेली. ती तुमच्यासाठी बसलीय."

आईने मान वळवली नाही. हात मात्र डगल्याला पुसायला लागली, पुन्हा पुन्हा, पुसायला पीठ उरलं नाही तरी. बाईंनी चौकोनात पेनाचं टोक टेकवलं.

"थांबा," आई म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिला एवढ्या नजरांची सवय नव्हती. तिने बटणकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "घाल."

बटणने विचारलं, "काय घालू?"

चेष्टा नव्हती ती. पोरीला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. शब्द जिने बंद केला होता, तिच्या तोंडून तो आल्याशिवाय ती हलणार नव्हती. भिंगरीला वाटलं, आपणच म्हणून टाकावं. तिने जीभ दातांखाली धरली, खरोखरची, दुखेपर्यंत. वर्गात बावीस पोरं, पण पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"लंगडी," आई म्हणाली. शब्द अर्धाच बाहेर आला, म्हणून तिने तो पुन्हा म्हटला, मोठ्याने, बाहेर व्हरांड्यातही जाईल इतका. "लंगडी घाल, बाळा. मी सांगते."

बटण उठली. झग्याचा मागचा भाग झटकला. एक पाय वर घेतला आणि निघाली. एक, दोन, तीन. चौथ्या उडीला ती कलली, सगळ्यांचे श्वास कलले, आणि ती सावरली. पाच. बाईंनी खूण केली आणि पुरे म्हणाल्या. तिने ऐकलं नाही. सहा, सात, आठ, खिडकीपर्यंत. तिथे पाय बदलला, आणि दुसऱ्या पायावर परत. तोंड लालबुंद, गाल हलतायत, आणि चेहऱ्यावर खूप दिवसांनी घरी आल्यासारखं काहीतरी. तीन वर्षांच्या उड्या साठल्या होत्या, त्या अशा थोड्याच संपणार होत्या. ती उडत उडत थेट दाराशी आली आणि आईच्या डगल्यावर आपटली.

तिने धापा टाकत एवढंच विचारलं, की बाबांना दाखवू का.

आईने रस्त्याकडे पाहिलं. दुकान बाजाराच्या तोंडाशी. वाटेत ती गल्ली, ती पोरं, आता मोठी झालेली, पण तिथेच बसणारी. बेकरीची सवलत संपत आलेली. तिने खुंटीवरचं दप्तर काढलं, स्वतःच्या खांद्याला लावलं आणि आत्याकडे बघून, नेते हिला, असं विचारल्यासारखं म्हणाली. आत्याने मान डोलावली.

भिंगरी व्हरांड्याच्या कठड्यावर चढून बघत राहिली. फाटकाबाहेर पडल्या पडल्या बटणने पाय वर घेतला होता. आई तिच्या शेजारून चालत होती, तिच्या उड्यांच्या वेगाने, म्हणजे कधी भराभर आणि कधी जागच्या जागी. रस्त्यावरून जाणारी एक सायकल थांबली, बघून पुढे गेली. आईने एकदा हात पुढे केला, आधार द्यायला की थांबवायला कुणास ठाऊक, आणि परत घेतला. मग वळण आलं.

वळणापलीकडे काय झालं ते भिंगरीला दिसलं नाही. आतून आत्याने हाक मारली, की पुढचं पोर उभं आहे, चेंडू कुठे ठेवलास. भिंगरी कठड्यावरून उतरली, चार पावलं आत गेली, पुन्हा बाहेर आली, रस्ता बघितला, पुन्हा आत गेली.